ॲक्टिव्हेटर काढला तरी कॉम्प्युटर साफ होत नाही: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दर महिन्याला माझ्याकडे येणाऱ्या कॉम्प्युटरांपैकी दोन-तीन तरी असे असतात, ज्यांवर विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारं फुकटचं टूल कधीतरी चालवलेलं असतं. पुढे मालकाला शंका येते. तो टूल अनइन्स्टॉल करतो, एक स्कॅन मारतो आणि त्याच कॉम्प्युटरवर बसून सगळे पासवर्ड बदलतो. मग निश्चिंत होतो. नवे पासवर्डही गेले, हे त्याला पंधरा दिवसांनी कळतं.

हेतू चांगला, क्रम उलटा. हा लेख त्या क्रमासाठीच आहे. घरचा लॅपटॉप असो, डीटीपीचं दुकान, कर सल्लागाराचं ऑफिस की ई-सेवा केंद्र, टप्पे हेच राहतात. ज्यांच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांची आधार कार्डं, सातबारे, पगारपत्रकं पडलेली असतात, त्यांनी तर यातला एकही टप्पा गाळू नये.

## टूल मागे काय ठेवून जातं

मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची सोय आहे. संस्थेच्या आतला एक सर्व्हर बाकीच्या कॉम्प्युटरांना परवाना देतो. तो १८० दिवस टिकतो आणि दर ७ दिवसांनी कॉम्प्युटर तो नव्याने घ्यायला बघतो. केएमएस पिको, केएमएस ऑटो अशा नावांची टूलं तुमच्याच कॉम्प्युटरवर खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात. म्हणजे एकदा चालवलं आणि संपलं असं हे काम नाही. परवाना पुन्हा पुन्हा ताजा करायला काहीतरी मागे राहावंच लागतं: एखादी सर्व्हिस, नाहीतर टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) टाकलेलं काम, आणि तेही बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या अधिकारांनी चालणारं.

हे व्हावं म्हणून तुम्ही स्वतः दोन गोष्टी केलेल्या असतात. अँटिव्हायरस बंद केलेला असतो आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ला होकार दिलेला असतो. राखणदाराला सुट्टी द्यायची आणि अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या द्यायच्या, असा हा प्रकार आहे. तो माणूस निघून गेला, तरी त्याने आत काय केलं हे त्याच्या जाण्याने पुसलं जात नाही.

‘सगळीच टूलं व्हायरस असतात का?’ असं मला विचारतात. नाही. काहींमध्ये परवाना फसवण्यापलीकडे काहीच नसतं. पण विंडोजचा डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, नुसत्या ॲक्टिव्हेटरलाही ‘हॅकटूल’ म्हणून अडवतो आणि त्याच्या पोटात लपवलेल्या चोरालाही अडवतो. टूलसोबतच्या सूचनेत आधीच लिहिलेलं असतं, ‘इशारा येईल, तो खोटा आहे, दुर्लक्ष करा.’ हे एकदा मानलं की खरा इशारा ओळखायचं साधनच तुमच्याकडे उरत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की केएमएस पिकोच्या नावाने फिरणाऱ्या एका इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, येतो आहे. लोकांना हवं ते टूल त्यात होतं. त्याच्या आडून ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटं बाहेर जात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये इक्लेक्टिकआयक्यू या कंपनीने मांडलं, की सँडवर्म हा रशियन हेरगिरीचा गट युक्रेनमध्ये अशाच केएमएस टूलांतून दूरवरून ताबा घेणारा मालवेअर पसरवतो आहे. तेव्हा ‘माझं विंडोज तर ॲक्टिव्हेट झालं, म्हणजे टूल चांगलं होतं’ हा हिशेब धरू नका.

## सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

अर्धा दिवस मोकळा ठेवा. एक स्वच्छ यंत्र हवं. तुमचा मोबाइल चालेल, पण त्यावर प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकलेली नसावीत. किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि डेटासाठी एक बाहेरची हार्डडिस्क लागेल. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायला दुसरा कॉम्प्युटर लागतो, तर ज्याच्यावर कधीही क्रॅक (परवाना चुकवून फुकट चालवलेलं सॉफ्टवेअर) टाकलेलं नाही अशा नातेवाइकाचा किंवा मित्राचा बघून ठेवा. आणि एक वही-पेन. नवे पासवर्ड, केलेली कामं, राहिलेली कामं, सगळं कागदावर. बिघडलेल्या कॉम्प्युटरवरच्या नोटपॅडमध्ये काहीही लिहायचं नाही.

## टप्पा १: आधी इंटरनेट तोडा

वायफाय बंद करा, लॅनची केबल काढा, मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा. पेनड्राइव्ह, बाहेरच्या डिस्का आणि डिजिटल सहीचं टोकन लावलेलं असेल तर तेही काढा. इंटरनेट तुटलं की वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हचं सिंकही थांबतं. बिघडलेल्या फायली क्लाउडवरच्या चांगल्या प्रतींवर चढू नयेत म्हणून हे महत्त्वाचं.

इशारा: डोळ्यांदेखत फायलींची नावं बदलत असतील किंवा शेवटी अनोळखी अक्षरं चिकटत असतील, तर विचार करत बसू नका. पॉवरचं बटण दाबून धरा आणि कॉम्प्युटर बंद करा.

नेहमीची चूक: ‘आधी चांगला अँटिव्हायरस डाउनलोड करतो, मग नेट तोडतो.’ तेवढ्या वेळात जायचं ते जातं.

## टप्पा २: पासवर्ड बदला, पण दुसऱ्या यंत्रावरून

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अशा टूलांतून येणारे चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात, आणि त्यासोबत कुकीही उचलतात. तुम्ही एकदा लॉगिन केलं की पुन्हा पुन्हा विचारायला लागू नये म्हणून ब्राउझर ती ओळख कुकीच्या रूपात जपून ठेवतो. ती कुकी चोराच्या हाती लागली, की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. म्हणून ‘माझं ओटीपी चालू आहे, मला काय होणार’ हे इथे लागू पडत नाही. हा धंदा केवढा मोठा आहे त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो: मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमा नावाच्या अशाच एका चोराचं जाळं मोडलं, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोनच महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरांत तो सापडला होता.

म्हणून प्रत्येक खात्यात दोन कामं करायची. पासवर्ड बदलायचा, आणि लगेच सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करायचं. नुसता पासवर्ड बदलला तर काही ठिकाणी जुनं लॉगिन तसंच चालू राहतं.

क्रम असा ठेवा:

१. ईमेल सगळ्यात आधी. बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पडतात. बँकेपासून सुरुवात केलीत आणि ईमेल चोराच्या हातात राहिला, तर सगळं पुन्हा करावं लागेल.

२. ईमेलमध्येच आणखी तीन जागा बघा: रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल आणि दुसरा ईमेल तुमचाच आहे ना, पत्रं आपोआप दुसरीकडे पाठवणारं फॉरवर्डिंग कुणी लावलं आहे का, आणि फिल्टरमध्ये ‘बँकेचं पत्र आलं की कचऱ्यात टाक’ असा नियम कुणी घातला आहे का. फिल्टर फारसं कुणी बघत नाही, आणि चोर नेमका त्याचाच फायदा घेतो.

३. मग बँका, डीमॅट, जीएसटी, आयकर, डिजिलॉकर, ज्या पोर्टलवर तुम्ही ऑपरेटर आहात ती.

४. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून सगळी काढून टाका. टेलिग्राममध्येही डिव्हाइसेसमध्ये जाऊन बाकीची सत्रं बंद करा. टेलिग्रामचं कॉम्प्युटरवरचं ॲप आपलं लॉगिन एका फोल्डरमध्ये ठेवतं, आणि हे चोर तो फोल्डर अख्खा उचलतात.

५. शेवटी समाजमाध्यमं, खरेदीच्या साइट्स आणि उरलेलं.

कुठे कुठे खाती आहेत हे आठवत नसेल, तर मोबाइलवर गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमधली यादी उघडा. चोराने नेली असेल ती यादीही बहुधा हीच आहे. वरपासून खालपर्यंत एकेक करत जा आणि वहीत खूण करा.

डिजिटल सहीबद्दल: टोकनातली किल्ली बाहेर काढता येत नाही, पण टोकन कॉम्प्युटरला लावलेलं असताना आणि पिन चोराला माहीत असताना सही मात्र करता येते. तेव्हा साफ कॉम्प्युटर हाती आला की आधी पिन बदला, आणि काम झालं की टोकन काढून ठेवायची सवय लावा. सही जर टोकनाऐवजी फाइलच्या रूपात डिस्कवर ठेवली असेल, तर ती गेली असं धरा आणि देणाऱ्या संस्थेला सांगून रद्द करून घ्या.

तपासा: खात्यातून पैसे गेलेले दिसले तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा. आधी बँकेला कळवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. इथे तासांचा हिशेब असतो.

## टप्पा ३: काय झालं होतं त्याची नोंद करा

आता बिघडलेल्या कॉम्प्युटरकडे वळा. इंटरनेट अजूनही तोडलेलंच. काही पुसायचं नाही, फक्त बघायचं आणि मोबाइलने फोटो काढायचे. टूल कुठल्या तारखेला चाललं आणि कुठल्या फोल्डरात राहत होतं, हे कळलं की डेटा घेताना कुठे हात लावायचा नाही ते समजतं.

पहिली जागा डिफेंडरची. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्सक्लूजन्स. ‘या फोल्डरात बघू नकोस’ असं ज्यांच्याबद्दल डिफेंडरला सांगून ठेवलं आहे त्यांची ही यादी. गेल्या महिन्यात एका लॅपटॉपवर मालकाने ॲक्टिव्हेटर वर्षभरापूर्वी काढला होता, पण या यादीत अख्खा सी ड्राइव्ह तसाच होता. वर्षभर तो रोज हिरवी खूण बघत होता आणि डिफेंडर काहीही तपासत नव्हता. टूल अनइन्स्टॉल केल्याने ही यादी रिकामी होईलच असं नाही. ज्यांना फक्त शंका आहे, खात्री नाही, त्यांनी निदान ही एक जागा आज उघडून बघावी.

दुसरी जागा टास्क शेड्यूलर. ज्या कामाच्या नावात केएमएस आहे, किंवा जे काम प्रोग्रामडेटा, टेम्प किंवा ॲपडेटा अशा फोल्डरातलं काहीतरी चालवतं, त्याचा फोटो काढा.

तिसरी होस्ट्स नावाची फाइल. ती सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने सापडते. नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला हॅशचं चिन्ह असलेल्या ओळी विंडोजच्याच असतात. त्याखाली मायक्रोसॉफ्ट, अडोबी किंवा अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्ते दिसले, तर त्या कंपन्यांपर्यंत पोहोचायचा रस्ता कुणीतरी बंद करून ठेवला आहे.

चौथी गोष्ट परवान्याची. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही पाच इंग्रजी अक्षरं सलग लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) आणि लगेच डी-एल-आय. एंटर दाबलं की छोटी खिडकी येईल. त्यात ‘ओईएम’ असेल तर परवाना यंत्रासोबत आलेला, ‘रिटेल’ असेल तर सुटा घेतलेला. घरच्या कॉम्प्युटरवर ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएसक्लायंट’ असं दिसलं, तर तुमच्या घरी कुठलाही केएमएस सर्व्हर नाही, म्हणजे हे टूलचं काम. कंपनीने किंवा कॉलेजने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र हेच अगदी योग्य असू शकतं. उलट बाजूनेही सावध राहा: नव्या प्रकारची काही टूलं ‘कायमचं ॲक्टिव्हेट’ असंही दाखवतात, म्हणून ‘ॲक्टिव्हेट झालं आहे’ एवढी ओळ पुरावा म्हणून धरू नका.

आता लॅपटॉपचा मूळ खोका, बिल आणि स्टिकर शोधा. विंडोज ८ पासून पुढे विंडोजसकट विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच लिहिलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी अस्सल विंडोज होमचे पैसे खरेदीच्या वेळीच मोजलेले असतात. नंतर कुणीतरी फॉरमॅट करताना ‘प्रो टाकून देतो’ म्हणून ॲक्टिव्हेटरवालं विंडोज चढवतं. घरात असलेली वस्तू फेकून चोरीची आणल्यासारखं झालं. ऑफिसही तपासा, बऱ्याच लॅपटॉपांसोबत ते येतं आणि पहिल्यांदा जोडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला बांधलेलं असतं.

## टप्पा ४: फक्त डेटा घ्या, प्रोग्राम नाही

आधी फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमधून फायलींची पूर्ण नावं, म्हणजे टिंबानंतरची अक्षरंही, दिसतील असं करा. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हा खरं तर प्रोग्राम, पण त्याशिवाय तो पीडीएफच वाटतो.

घ्यायचं: फोटो, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या फायली, कोरलची आणि फोटोशॉपची मूळ कामं, टॅलीचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क.

घ्यायचं नाही: ईएक्सई, एमएसआय, बॅट, व्हीबीएस, एससीआर, शॉर्टकट, आयएसओ आणि अनोळखी झिप. ‘सॉफ्टवेअर’ नावाचा तो जुना फोल्डर, ज्यात सगळे सेटअप जमवून ठेवलेले असतात, तो तर अजिबात नाही. आजार बहुतेक वेळा तिथूनच परत येतो. ॲपडेटा फोल्डरही नको. मॅक्रो (फाइलीतच लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फायली वेगळ्या फोल्डरात ठेवा, त्यांचं पुढे सांगतो. सवयीने लोक अख्खा सी ड्राइव्ह ओढून डिस्कवर टाकतात. तसं करू नका. एकेक फोल्डर उघडून घ्या, वेळ गेला तरी चालेल.

फायली आधीच कुलूपबंद झालेल्या असतील तर? स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, वर्षानुवर्षं क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरांतूनच पसरत आला आहे. लग्नसराईच्या तोंडावर एक डीटीपीवाल्या ताई स्कूटरच्या पुढ्यात सीपीयू ठेवून माझ्याकडे आल्या होत्या. पत्रिकांच्या फोल्डरातल्या प्रत्येक फाइलीच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं चिकटलेली, आणि प्रत्येक फोल्डरात रीडमी नावाची एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. छपाईला द्यायच्या अकरा पत्रिका त्यात होत्या. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘पैसे भरले तर मिळतील का हो?’

भरू नका. त्या पैशांनी फायली मिळतीलच याची कुणी हमी देत नाही. आणि कुलूपबंद फायली फेकूनही देऊ नका. हा रॅन्समवेअर आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकला नसेल, तर तो ठरलेली एकच किल्ली अनेकांना वापरतो, आणि अशी किल्ली हाती लागली की फायली उघडता येतात. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या कुटुंबातल्या १४८ प्रकारांसाठी फुकट उपाय काढला होता. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेचा सहभाग असलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर चिठ्ठी आणि एक नमुना फाइल देऊन आपला प्रकार ओळखता येतो. सर्व्हरवरची वेगळी किल्ली लागली असेल तर आज तरी मार्ग नाही; फायली चिठ्ठीसह वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. ताईंच्या बहुतेक पत्रिका शेवटी ग्राहकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफमधून परत उभ्या केल्या. तुम्हीही पाठवलेल्या ईमेलांत आणि चॅटमध्ये शोधा, वाटतं त्यापेक्षा बरंच सापडतं.

तपासा: घेतलेल्या डेटातल्या दहा-बारा फायली वेगवेगळ्या फोल्डरांतून उघडून बघा. पुढचा टप्पा मागे फिरू देत नाही.

## टप्पा ५: डिस्क पुसा, विंडोज नव्याने टाका

‘इतकं कशाला, चांगला स्कॅन करतो की’ असं बरेच म्हणतात. ज्या प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले होते, त्याने स्कॅनरला काय दिसावं हेही ठरवलेलं असू शकतं. माझं मत स्पष्ट आहे: जिथे बँकेची किंवा दुसऱ्यांची कामं चालतात, तिथे पुसण्याला पर्याय नाही. ‘कीप माय फाइल्स’वालं रीसेटही मी सुचवत नाही.

१. स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि पेनड्राइव्ह तयार करा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हरही त्यात ठेवा, नाहीतर नवं विंडोज पडल्यावर नेट नाही म्हणून अडकाल.

२. डेटाची बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवा. घाईत तीच पुसली गेल्याचं मी पाहिलं आहे.

३. पेनड्राइव्हवरून सुरू करा. किल्ली विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ निवडा. मदरबोर्डवर किल्ली असेल तर योग्य आवृत्ती आपोआप निवडली जाते.

४. कस्टम इन्स्टॉल निवडा. विंडोजच्या डिस्कवरचे सगळे भाग पुसून एकच रिकामी जागा उरेल असं करा आणि तिथे विंडोज टाका. डी ड्राइव्ह म्हणजे सुरक्षित जागा, असा समज असतो. तो त्याच डिस्कचा तुकडा आहे, त्यावरचा डेटाही टप्पा ४ मध्येच घेतलेला हवा.

इशारा: दुकानातला ‘प्री-ॲक्टिव्हेटेड’ पेनड्राइव्ह, टेलिग्रामवरचं ‘लाइट’ विंडोज, मित्राकडचं घोस्ट (तयार विंडोजची अख्खी नक्कल), यातलं काहीही वापरलंत तर एवढे सगळे कष्ट वाया. त्यात आजार इन्स्टॉलच्या आतच भरलेला असू शकतो. काम दुकानात देणार असाल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं विंडोज तुमच्यासमोर टाकायला सांगा, आणि ‘ऑफिस पण टाकून देऊ का?’ याला स्पष्ट नाही म्हणा.

## टप्पा ६: परवाना, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर

इंटरनेट जोडा, आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या. मग सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. मदरबोर्डवर किल्ली असेल तर बहुतेक वेळा काही न करता ॲक्टिव्हेट झालेलं दिसतं.

नसेल तर घाबरून पुन्हा टूलकडे धावू नका. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज बंद पडत नाही. कोपऱ्यात सूचना दिसते, वॉलपेपर-रंग बदलता येत नाहीत, पण सुरक्षेचे अपडेट येत राहतात. परवान्याची सोय होईपर्यंत दिवस काढता येतात.

ऑनलाइन बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या किल्ल्यांबद्दल सतत विचारणा होते. त्या बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या सामूहिक परवान्यातून फुटलेल्या असतात. व्हायरस येत नाही, पण परवानाही मिळत नाही, आणि किल्ली कधीही बंद होऊ शकते.

जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नसेल, तर विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे लक्षात घ्या. अशा यंत्रावर ब्राउझर आणि कागदपत्रांचं काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम) उत्तम चालतं. डिजिटल सही, बायोमेट्रिक यंत्र किंवा टॅली लागणार असेल तर मात्र आधी त्यांची लिनक्सवरची सोय विचारून घ्या.

ऑफिससाठी लिब्रे ऑफिस फुकट आहे. मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतं. कोरलच्या जागी इंकस्केप, फोटोशॉपच्या जागी गिंप किंवा क्रिता. सवय व्हायला महिना लागतो आणि छापखान्याला कोरलचीच फाइल हवी असेल तर अडचण येते, हे मी लपवणार नाही. तिथे एकाच कॉम्प्युटरपुरता खरा परवाना घ्या. मराठी टायपिंगसाठी तर क्रॅक लागायचं कारणच नाही. विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड आहे.

धंदा असलेल्यांसाठी एवढंच: प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. त्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

## टप्पा ७: डेटा परत आणा

डिफेंडर चालू आहे, टॅम्पर प्रोटेक्शन (दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडर बंद करू न देणारी सोय) चालू आहे, एक्सक्लूजन्सची यादी रिकामी आहे, हे आधी बघा. मग बाहेरची डिस्क लावा आणि काही न उघडता आख्खी स्कॅन करा. स्वच्छ निघाली की डेटा उतरवा. मॅक्रोवाल्या एक्सेल फायली सगळ्यात शेवटी, आणि मॅक्रो बंद ठेवूनच उघडा.

रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं वेगळं खातं बनवा. त्या खात्यातून काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की पासवर्ड मागितला जातो. घरातली मुलं किंवा ऑफिसातला नवा मुलगा यांना हेच खातं द्या.

नेहमीची चूक: ब्राउझरचं सिंक लगेच चालू करणं. जुन्या ब्राउझरमध्ये एखादं वाईट एक्स्टेन्शन शिरलं असेल तर सिंक ते इमानेइतबारे नव्या विंडोजवर आणून ठेवतं. आधी फक्त बुकमार्क चालू करा. एक्स्टेन्शनं हाताने, ओळखीची तेवढीच टाका.

## टप्पा ८: पुढचा महिना

आठवड्यातून एकदा ईमेलच्या डिव्हाइसेसची यादी आणि बँकेचं स्टेटमेंट बघा. त्याच वायफायवर असलेल्या आणि फोल्डर शेअर केलेल्या बाकीच्या कॉम्प्युटरांवर टप्पा ३ मधली तपासणी करा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर तोही बदला.

आणि ज्या पेनड्राइव्हवरून ते टूल मुळात आलं, तो ड्रॉवरमध्ये तसाच पडलेला असेल. तो शोधून काढा आणि फॉरमॅट करा.